पहिली कुदळ कुणी मारली?

मी कुदळ बोलतेय. शाळेच्या मागच्या अवजारांच्या खोलीत, फावड्यांच्या आणि झाऱ्यांच्या शेजारी मी भिंतीला टेकून उभी असते. माझ्या पात्यावर अजून कुठे कुठे सोनेरी रंगाचे पोपडे दिसतील. तो रंग मी मागितला नव्हता. तो कुणी फासला, कशासाठी फासला आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, ते सांगायला मी तोंड उघडलंय. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या, की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवून लोहाराने मला घडवलं. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला रुंद पातं. शेवटी त्याने मला पाण्यात बुडवलं, चर्रर्र आवाज झाला, आणि तो आपल्या भावाला म्हणाला, “ही जन्मभर खणेल बघ.” मला फार बरं वाटलं. माती कशी असते ते तोवर मी पाहिलंही नव्हतं, पण आपण तिच्यासाठीच आहोत हे कळलं होतं.

तिथून मी दुकानात आले आणि दुकानातून या शाळेत. इथे मला पहिल्यांदा हातात घेतलं ते उपमुख्याध्यापकांनी. त्यांच्या गळ्यात सदान्कदा एक शिट्टी लोंबायची, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. सकाळी फाटकापाशी उभं राहून उशिरा येणाऱ्या मुलांना पकडायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. पकडलेल्या मुलाला ते शाळेमागच्या मोकळ्या जागेत आणत, माझा दांडा त्याच्या हातात देत आणि म्हणत, “खण.” मूल घामाघूम होऊन खड्डा खणायचं. मग शिट्टी वाजायची. “आता बुजव.”

इतके खड्डे मी खणले, पण त्यातल्या एकातही कधी बी पडलं नाही.

मुलं मला शिव्या घालत. कुणीतरी माझ्या दांड्यावर कर्कटकाने एक घाणेरडा शब्द कोरला. वर्गात कुणी गडबड केली, की शिट्टीसर नुसतं म्हणायचे, “कुदळ देऊ का हातात?” आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. माझं नाव असं वापरलं जायचं. माझ्या रागाची सुरुवात तिथे झाली.

सगळ्यात जास्त वेळा माझ्या वाट्याला यायचा तो एक डावखुरा मुलगा. त्याचे वडील शाळेच्याच बसवर ड्रायव्हर. ते पहाटे बस घेऊन निघायचे, मग धाकट्या बहिणीचं आवरून तिला तिच्या शाळेत सोडायचं काम याच्याकडे. त्यामुळे त्याला उशीर ठरलेला. त्याच्या तळहाताचे घट्टे माझ्यामुळे पडले.

मग विज्ञानाच्या बाई आल्या.

त्यांच्या पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात काय झालं ते मी मुलांच्या तोंडून ऐकलं. अन्नघटकांचा धडा चालला होता. बाईंनी सहज विचारलं, “बटाटा झाडाला कुठे लागतो?” कुणी म्हणालं फांदीला, कुणी म्हणालं वेलाला. वर्ग हसला, पण खरं उत्तर कुणालाच धड येत नव्हतं. त्या वर्गात एक उंच मुलगी होती. प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारायची, म्हणून शिक्षकांनीच तिचं नाव कटकट ठेवलं होतं. तिने हात वर केला.

“बाई, तुम्ही लावलाय का कधी बटाटा?”

बाईंनी खडू खाली ठेवला. “नाही ग. मीही पुस्तकातच वाचलंय.” आणि मग म्हणाल्या, “लावू या का?”

बाईंच्या आत्याची थोडी शेती होती. आत्याला सगळं विचारून, पिशवीभर बेण्याचे बटाटे घेऊन त्या आल्या आणि मला बाहेर काढायला खोलीत शिरल्या. मला त्यांच्या हातात पाहून मुलं मागे सरकली.

“आम्ही काय केलं, बाई?” एकाने घाबरून विचारलं.

बाईंना काही कळेना. डावखुऱ्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, “ही कुदळ शिक्षेची नाही. आजपासून नाही.” आणि त्यांनी स्वतःच पहिला घाव घातला. पदर खोचून, चष्मा सावरत, अगदी वेडावाकडा. हाताला फोड आले तरी थांबल्या नाहीत. माझ्या पात्याखालची माती उलटली, आत गांडुळं वळवळली, आणि लोहार काय म्हणाला होता ते मला पहिल्यांदा समजलं.

पहिल्या हंगामात आमची चांगलीच फजिती झाली. मका हौसेने कुंपणाच्या कडेला एका लांबलचक ओळीत लावला. कणसं आली, सोलली, तर आत कवळीतले दात पडावेत तसे चार दाणे इथे, दोन तिथे. बाई आत्याकडे जाऊन आल्या. “तुऱ्यातले परागकण वाऱ्याने शेजारच्या कणसांवर पडायला हवेत. एकाच ओळीत लावला, तर वारा ते भलतीकडेच घेऊन जातो. पुढच्या वेळी चौकोनात लावायचा, चार-चार ओळी एकमेकींना चिकटून.” चूक झाली हे त्या वर्गासमोर हसून सांगत, आणि मुलंही मग चुकायला घाबरेनाशी झाली.

बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीवर डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राहिला पाहिजे, कापलेली बाजू सुकल्याशिवाय ती मातीत घालायची नाही, झाड वाढलं की बुंध्याशी मातीची भर द्यायची, नाहीतर उन्हाने बटाटे हिरवे पडतात आणि हिरवा बटाटा विषारी असतो, हे सगळं मुलं हाताने शिकली. घेवड्याचं रोप उपटून बाईंनी मुळांवरच्या गाठी नखाने फोडून दाखवल्या. आतून गुलाबी निघाल्या. “हा घेवडा जमिनीला खत देऊन जातो. याच्या जागी पुढे मका लावू या.” गाजराची विरळणी करायची वेळ आली, तेव्हा कटकट अडून बसली. “जिवंत रोपं उपटायची? का म्हणून?” बाई म्हणाल्या, “सगळी ठेवलीस तर एकही पोसणार नाही. अर्ध्या वाफ्यात तुझं ऐकू, अर्ध्यात माझं.” कटकटच्या अर्ध्यात उंदराच्या शेपटीएवढी गाजरं आली. ती तिने सगळ्यांसमोर कचाकचा खाऊन टाकली आणि म्हणाली, “चवीला बरी आहेत.”

डावखुरा तर ओळखू येईना. मूठभर माती घेऊन तो दाबायचा आणि खाली टाकायचा. गोळा तसाच राहिला तर “आज नको, ओली आहे” आणि फुटला तर “चला.” बहिणीला सोडून तो धावत सुटायचा आणि घंटेच्या आधी झाऱ्या घेऊन वाफ्यावर हजर. फाटकाशी शिट्टीसरांचं गिऱ्हाईक कमी झालं. ते त्यांना खुपलं.

दुसऱ्या हंगामाला पीक असं आलं, की बघायला लोक येऊ लागले. फोटो काढायचं ठरलं. त्या दिवशी शिट्टीसर मुलांना बाजूला सारून मधोमध उभे राहिले, बाह्या दुमडल्या आणि मला खांद्यावर घेतलं. काढलेला कोट धरायला जवळ कुणी दिसेना, तेव्हा तो त्यांनी बाईंच्या हातात दिला. तो फोटो अजून ऑफिसात आहे. मधे सर, खांद्यावर मी, आणि अगदी कडेला दुसऱ्याचा कोट धरून उभ्या बाई. त्यानंतर सर जिथे जातील तिथे सांगू लागले, “मी मुलांना मातीत उतरवलं.” बाई यावर हसायच्या. मला हसू येत नव्हतं.

मग सभागृहाचं निघालं. संस्थेला शाळेत मोठं सभागृह बांधायचं होतं, आणि सरांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. भिंतीलगत दगडगोट्यांची एक पट्टी वर्षानुवर्षं पडून होती. पण सरांनी बोट ठेवलं ते आमच्या वाफ्यांवर. शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी उभं राहून विरोध केला. बाहेर येऊन सर दुसऱ्या शिक्षकांना म्हणाले, “या बाईंचं काहीतरी करायला पाहिजे.” माझ्या खोलीच्या दाराबाहेरच म्हणाले. मी ऐकलं.

संधी त्यांना लवकरच मिळाली. एका सकाळी बहिणीला ताप होता, म्हणून डावखुऱ्याला उशीर झाला. सरांनी त्याला फाटकातच पकडलं आणि मला त्याच्या हातात देऊन भिंतीलगतच्या दगडाळ पट्टीवर नेलं. “खण. आणि बूट काढ, चांगले बूट खराब करायचे नाहीत.” एवढं सांगून ते चहाला निघून गेले. पोरगं अनवाणी खणत होतं. मातीखाली दगड होता. मी दगडावर आपटले, उसळले, आणि माझं टोक त्याच्या पावलात शिरलं.

त्याची किंकाळी ऐकून पहिल्या धावत आल्या त्या बाई. त्यांनी आपला पदर फाडून त्याच्या पायाला घट्ट बांधला आणि त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

दुपारी सरांनी वर सांगितलं, की शेतीच्या तासाला, बाईंच्या निष्काळजीपणामुळे मुलाला कुदळ लागली. पाय बांधून आलेल्या डावखुऱ्याला त्यांनी माझ्या खोलीशी गाठलं. अगदी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझे वडील आपल्याच बसवर आहेत ना? चांगला माणूस आहे. त्यांची नोकरी टिकायला हवी.”

मुलाने खरं काय ते सांगितलं नाही आणि बाईंचं कुणी ऐकून घेतलं नाही. बाईंची बदली संस्थेच्या दुसऱ्या, लांबच्या शाळेत झाली. जाताना त्यांनी मला धुऊन, पुसून, पात्याला तेल लावून ठेवलं. माझ्या टोकाशी त्यांचा हात जरा थबकला, बस्स. मी तेव्हाच ठरवलं. या माणसाचा हिशेब मी करणार.

पण कुदळ एकटी काय करणार? कुणाचा तरी हात लागतोच.

सभागृहाच्या कामाला सुरुवात करण्याचा कार्यक्रम ठरला. संस्थेच्या अध्यक्षा येणार आणि पहिली कुदळ मारणार. त्याआधी सरांनी त्याच वर्गाला हुकूम सोडला: पीक काढून टाका, जमीन सपाट करा आणि धूळ उडू नये म्हणून रोज पाणी मारा. मुलांनी गोट्यांएवढे कोवळे बटाटे उपटले. मक्याला नुकते तुरे आले होते.  मला तर वाटत होतं, आत्ताच्या आत्ता गंजून जावं.

तेवढ्यात कटकट खोलीतून एक डबा घेऊन आली. जमिनीत गाडून हिरवळीचं खत करायला बाईंनी ठेवलेली मोहरी होती ती.

“सरांनी सपाट करा म्हटलंय,” ती म्हणाली. “पाणी मारा म्हटलंय. बी टाकू नका, असं म्हटलंय का?”

डावखुऱ्याने विचारलं, “काय करायचंय तुला?”

“अक्षरं काढायची. कुदळीने रेघ ओढायची, रेघेत मोहरी टाकायची, वरून माती लोटायची. कार्यक्रमाला पाहुणे आधी वरच्या गॅलरीत चहा घेणार आहेत. तिथून सगळं वाचता येईल.”

“आणि माझे वडील?”

“तू नुसत्या रेघा ओढ. बोलायचं काम मोहरी करेल.”

भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही कामाला लागलो. कटकट वर गॅलरीत जाऊन हातवारे करत होती. “उलटं होतंय! अरे, वरून बघणाऱ्याला सुलटं दिसायला हवं!” डावखुरा लंगडत लंगडत माझं टोक ओढत होता. एका अक्षरापाशी तो अडला आणि वर बघून ओरडला, “क्ष कसा काढू ग?” अख्खा वर्ग फिसकन हसला. मी इतकी सरळ, इतकी स्वच्छ रेघ जन्मात ओढली नव्हती.

मोहरी लवकर उगवते. बारीक हिरवे ठिपके वर आले, तेव्हा सर चक्कर मारायला आले होते. जमिनीवर उभं राहून अक्षरं कळत नव्हती, नुसते हिरवे पट्टे दिसत होते.

“हे काय उगवलंय?”

“पाणी मारतोय ना सर,” कटकट म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत.”

सरांनी मान डोलावली. “असू दे. हिरवळ फोटोत छान येईल.”

याच सुमारास त्यांनी मला रंगाऱ्याकडे धाडलं. त्याने माझा जुना दांडा काढला, सोनेरी रंग फासला आणि पॉलिश केलेला एक नाजूक दांडा माझ्यात नुसता सरकवला. मला दांड्यावर घट्ट धरून ठेवणारी पाचर काही ठोकली नाही. “एकदाच तर मारायची आहे,” रंगारी म्हणाला. मला लाल फीत बांधून टेबलावर ठेवलं. एखाद्या नवरीसारखी नटून मी वाट बघत होते.

अध्यक्षा वयस्कर होत्या. चहाचा कप घेऊन त्या गॅलरीच्या कठड्याशी आल्या, डोळे बारीक केले आणि लहान मूल वाचतं तसं मोठ्याने एकेक अक्षर लावू लागल्या.

“शि… क्षा… स… रां… ची.” मग दुसरी ओळ. “बदली… बाईंची.”

“शिक्षा सरांची, बदली बाईंची,” त्यांनी सलग म्हटलं आणि मागे वळल्या. “कुठले सर? कुठल्या बाई?”

 शिट्टीसरांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. “वाह्यात पोरं आहेत, मॅडम, मी बघतो,” असं म्हणत ते जिने उतरून धावत सुटले. सवयीने शिट्टीसुद्धा वाजवली. बुटांनी अक्षरं पुसायला लागले; पण रोज पाणी प्यायलेली ती माती, तिने त्यांचा एक बूट धरून ठेवला. पाय मोज्यासकट बाहेर आला. वरून सगळे बघत होते. सरांचं भान सुटलं. त्यांनी टेबलावरून मला उचललं आणि खच्चून घाव घातला, ‘शिक्षा’ या शब्दावर.

पहिली कुदळ ती. अध्यक्षांनी मारायची होती, सरांनी मारली.

दुसऱ्या घावासाठी त्यांनी मला डोक्यावर उचललं. पाचर नव्हतीच. मी गुळगुळीत दांड्यावरून सरसर खाली सरकले आणि सगळ्या वजनानिशी त्यांच्या बोटांवर येऊन बसले.

ते ओरडले. तो आवाज माझ्या कानांत अजून आहे आणि मला तो अजून आवडतो.

अध्यक्षा काठी टेकत खाली आल्या. “कसली शिक्षा? मला नीट सांगा कुणीतरी.”  डावखुऱ्याची नजर बसजवळ उभ्या असलेल्या वडिलांकडे गेली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण बाप तो, पोराचा चेहरा वाचून पुढे आला.

“बोल रे. बस गेली खड्ड्यात. तू बोल.”

आणि तो बोलला. उशीर, दगडाळ पट्टी, चहा, नोकरीची धमकी, सगळं. सर म्हणाले, “खोटं आहे.” अध्यक्षांनी फक्त एकच विचारलं, “बाळ, त्या दिवशी तुझ्या पायात बूट का नव्हते?” मुलाने उत्तर दिलं. सर स्वतःच्या चिखलाने भरलेल्या मोज्याकडे बघत राहिले.

सभागृह पुढे दगडाळ पट्टीवर उभं राहिलं. बाई परत आल्या. त्या आल्या तेव्हा मोहरी गुडघ्याला लागत होती आणि पिवळी फुलं आली होती. मुलांना वाटलं बाई खूश होतील. बाईंनी गॅलरीतून ते वाचलं, मग डोळे पुसून म्हणाल्या, “बी धरायच्या आत हे जमिनीत गाडायला हवं. छान खत होईल.”

तेव्हा अध्यक्षाही आल्या होत्या, आणि चौकशीसाठी बोलावलेले सरही. दोन बोटं पट्टीत बांधलेली. अध्यक्षा म्हणाल्या, “बाई, हे काम यांच्याकडूनच करून घ्या. द्या ती कुदळ त्यांच्या हातात. खणू देत मुलांसमोर.”

मुलांनी टाळ्या पिटल्या. माझं पातं शहारलं. ये, म्हटलं, ये एकदा माझ्यापाशी.

बाईंनी मला उचललं. मुठी आवळून धरलं. सरांच्या डोळ्यांत भीती होती, ती मी जवळून पाहिली.

“नको,” बाई म्हणाल्या. “ही कुदळ शिक्षेची नाही, असं मी या मुलांना सांगितलंय.” आणि त्यांनी मला डावखुऱ्याच्या हातात दिलं. “चल रे. माती दाबून बघितलीस का आज?”

सर मान खाली घालून निघून गेले. त्यांचं पद गेलं. साधे शिक्षक म्हणून त्यांना त्याच लांबच्या शाळेत धाडलं. मुलं हळूहळू त्यांचं नावही घेईनाशी झाली. डावखुऱ्याला कुणी पायाबद्दल विचारलं, तर तो “कुदळ लागली” एवढंच म्हणतो आणि पुढच्या सरीकडे वळतो. बाईंनी मला नवा, जाडजूड दांडा बसवलाय. यंदा मक्याचे चौकोन आहेत, मधल्या वाफ्यात कांद्याची रोपं. मी रोज खणते. काम चांगलं चाललंय, खोटं कशाला बोलू?

पण बाईंचं मन मोठं आहे, माझं नाही. त्या पोराच्या रक्ताची चव मला चाखावी लागली, त्याबद्दल मला दोन बोटं मिळाली. एवढ्याने माझं भागत नाही.

म्हणून बाईंच्या नकळत तुम्हाला एक सांगते. त्या लांबच्या शाळेत तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर तिथल्या अवजारांच्या खोलीत जरा डोकावायला सांगा. तिथेही माझी एखादी बहीण भिंतीला टेकून उभी असेल. तिला माझा निरोप द्या. म्हणावं, शिट्टी ऐकू आली की सावध हो. घाई करू नकोस. फक्त पाचर ढिली ठेव.